पायरेट्सचा मालक खिशात हात का घालत नाही?

प्रश्न असा आला आहे: "काका, मी दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी पिट्सबर्गला आलो. ऑफिसात इथल्या बेसबॉल संघाचं, पायरेट्सचं नाव काढलं की सगळे मालकाला शिव्या घालतात. पॉल स्कीन्ससारखा पिचर (चेंडू टाकणारा) असून संघ तळाला कसा? मालकाकडे खरंच पैसे नाहीत का? आयपीएलसारखी सगळ्यांना सारखी पर्स का नाही? आणि मी तिकीट काढून जाऊ की नको?"

शेवटचा प्रश्न सोपा आहे, तो आधी संपवतो. स्कीन्स टाकणार असेल त्या दिवशी जा. सामन्याच्या दिवशी क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद असतो, त्यावरून रमतगमत चालत जा. तिसऱ्या बेसच्या बाजूला वरच्या मजल्यावर बस, म्हणजे समोर नदी आणि नदीपलीकडे डाउनटाउन. एवढं देखणं स्टेडियम आणि त्यात एवढा रडका संघ, असं जोडपं देशात दुसरं नसेल.

बाकीच्या तीन प्रश्नांना जरा वेळ लागेल.

मी सदाशिव पेठेत वाढलो, सीए झालो, १९९७ च्या उन्हाळ्यात इथे आलो आणि तेव्हापासून धंद्यांचं मूल्यांकन करतो. भावाभावांची वाटणी, घटस्फोट, मालक गेल्यावर वारसांची भांडणं अशा वेळी हॉटेलाची, छापखान्याची, पेट्रोल पंपाची किंमत ठरवायला आमच्यासारख्यांना बोलावतात. पायरेट्सशी माझा संबंध तिकिटापुरता. पण या कामात एक खोड लागते. नफा किती झाला हे मी नंतर विचारतो. आधी बघतो, मालकाला पैसा नक्की कशातून सुटतो.

आमच्या वाड्याचा मालक पावसाळ्याआधी कौलं शाकारायला माणूस पाठवत नसे. आम्ही भाडेकरू जिथे जिथे गळायचं तिथे पातेली मांडून बसायचो. माणूस चिकट होता का? होताच. पण नुसत्या चिकटपणाने ते कोडं सुटत नव्हतं. भाडं कितीही किरकोळ असो, जागेचा भाव दरवर्षी चढत होता. कौलांवर घातलेला रुपया त्याला परत मिळणार नव्हता आणि न घातल्याने त्याचं काही अडत नव्हतं. भाडेकरू कुठे जाणार? पायरेट्स हा तसा वाडा आहे.

आता आकडे. इथे सगळं मिलियनमध्ये चालतं, १ मिलियन म्हणजे १० लाख, हे डोक्यात ठेव.

बॉब नटिंग २००७ पासून क्लबचे मुख्य मालक. घराणं वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगचं, धंदा वर्तमानपत्रांचा. क्लबांचे हिशेब सहसा बाहेर येत नाहीत. अटलांटा ब्रेव्ह्जची कंपनी शेअर बाजारात असल्याने त्यांचे तिमाही आकडे कुणीही वाचू शकतो. बाकी बहुतेक क्लबांचा कारभार बंद दाराआड. पण २०१० साली काही क्लबांची कागदपत्रं फुटली, त्यात पायरेट्सचीही होती. २००७ आणि २००८ या दोन वर्षांत मिळून क्लबला सुमारे २९.४ मिलियन डॉलर नफा. आणि मैदानावर? २००७ मध्ये ९४ सामने हरले, २००८ मध्ये ९५. गावाला वाटत होतं मालक हरतोय म्हणून बुडतोय. कागद म्हणत होते, हरूनही छान चाललंय.

तरी त्या नफ्याकडे फार वेळ बघत बसू नकोस. खरा पैसा तिथे नाहीच. फोर्ब्सच्या २०२५ च्या अंदाजाने या क्लबची किंमत सव्वा अब्ज डॉलरच्या वर आहे. ही वाढ सामने जिंकून झालेली नाही. क्लब ३०च आहेत, अब्जाधीश वाढत चालले आहेत आणि कराचा कायदाही मेहेरबान आहे: क्लब विकत घेणाऱ्याला खरेदीची जवळपास सगळी किंमत १५ वर्षांत वजावट म्हणून दाखवता येते. घसारा म्हण हवं तर. यंत्र झिजतं म्हणून घसारा लावतात. इथे जी वस्तू दरवर्षी महाग होते तिलाही तो लागू. कागदावर तोटा आणि तिजोरीत वाढ, दोन्ही एकाच वेळी.

पुढचा भाग ऑफिसातले मित्र सांगणार नाहीत, कारण तो कंटाळवाणा आहे. पण सगळी मेख तिथेच आहे.

बेसबॉलमध्ये प्रत्येक क्लब आपल्या स्थानिक निव्वळ उत्पन्नातला ४८ टक्के हिस्सा एका सामाईक हंड्यात टाकतो. तिकिटं, पार्किंग, स्थानिक टीव्ही, सगळं त्यात आलं. हंडा मग ३० जणांत सारखा वाटतात. राष्ट्रीय प्रसारणाचे पैसे वेगळे, तेही सारखे. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस जास्त टाकतात आणि कमी उचलतात. पिट्सबर्ग कमी टाकतं आणि जास्त उचलतं. लहान गावाच्या संघाला तगून राहता यावं हा हेतू, आणि हेतू चांगलाच आहे. पण मालकाच्या खुर्चीत बसून हिशेब कर. तू चांगला बॅटर आणलास, संघ जिंकू लागला, लोक आले आणि खर्च वजा जाता १०० डॉलर जास्त मिळाले. त्यातले ४८ हंड्यात गेले. हंड्यातून तुझ्या वाट्याला परत आले १ डॉलर ६० सेंट. म्हणजे खेळाडूचा पगार सगळा तुझा आणि वाढलेल्या कमाईतली जवळपास निम्मी इतरांची. उलट काहीच केलं नाहीस, तर हंड्यातला वाटा वाढूनच येतो. वर खालच्या क्रमांकामुळे ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेतात त्यात, वरची निवड मिळायची शक्यता.

असा करार माझ्यासमोर आला तर मी अशिलाला काय सल्ला देईन, हे मला माहीत आहे. म्हणून मला नटिंग यांच्या हिशेबीपणाचा राग येत नाही. राग येतो तो या व्यवस्थेत हिशेबीपणा आणि आळस बाहेरून अगदी सारखे दिसतात याचा. हंड्यातला पैसा संघ सुधारण्यासाठी वापरावा असं करारातच आहे, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत खेळाडूंच्या युनियनने पायरेट्ससह चार क्लबांविरुद्ध नेमकी याबाबतच तक्रार दाखल केली होती. पण संघ सुधारणं म्हणजे काय, हे मोजणार कोण? गवत बदललं तरी सुधारणाच.

आता स्कीन्स. त्याच्यावर थोडा रेंगाळणार आहे.

२०२३ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, सहीचे ९.२ मिलियन. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो खालच्या संघात, इंडियानापोलिसला टाकत होता. तिथे कुणाला त्याचा चेंडू दिसत नव्हता, ईआरए एकाच्या खाली. ईआरए म्हणजे ९ इनिंगमागे पिचरने स्वतःच्या दोषाने दिलेल्या रन. मग त्याला पहिल्या दिवसापासून वर का आणलं नाही? कॅलेंडर. वरच्या लीगमध्ये १७२ दिवस भरले की नोकरीचं एक वर्ष धरतात. अशी सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट, हवा तिथे जाऊ शकतो. पहिली तीन वर्षं पगार बहुतेक किमान पातळीवर, पुढची तीन लवादाने ठरणारा. खेळाडूला सुरुवातीला काही आठवडे खाली थांबवलं की पहिलं वर्ष पूर्ण भरत नाही आणि क्लबला सातवा सीझन पदरात पडतो. हे बरेच क्लब करतात. क्लब म्हणतात की मुलगा अजून तयार होतोय.

स्कीन्स ११ मे २०२४ ला वर आला आणि त्याने गंमत केली. नवोदितांमधला सर्वोत्तम ठरला. २०२२ पासूनचा नियम असा की त्या बक्षिसात पहिला किंवा दुसरा आलास तर पूर्ण वर्ष तुझ्या नावावर. कॅलेंडरची चाल फुकट गेली. सगळं असंच राहिलं तर २०२९ नंतर तो मोकळा.

२०२५ मध्ये त्याचा पगार होता ८ लाख ७५ हजार डॉलर. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच्या पदार्पणाच्या शर्टावरचा बिल्ला लावलेलं, लोक जमवतात तसलं खेळाडूच्या चित्राचं एक कार्ड लिलावात गेलं ११ लाख १० हजार डॉलरला. माणसापेक्षा त्याचं कार्ड महाग! ते कार्ड एका ११ वर्षांच्या मुलाला पाकिटात सापडलं होतं. क्लबने त्या बदल्यात ३० वर्षांची दोन सीझन तिकिटं देऊ केली होती. घरच्यांनी लिलाव पत्करला. आमच्या ऑफिसात त्यावर हसून पुरेवाट झाली, की शिक्षा ३० वर्षांची आणि तीही दोघांना. स्कीन्सच्या बाजूने एक सांगायला हवं: तरुण खेळाडूंसाठी लीगचा ५० मिलियनचा बोनस निधी असतो, त्यातून त्याला वर सुमारे ३.४ मिलियन मिळाले. पण तो निधी ३० क्लब मिळून भरतात.

आणि त्याने केलं काय? १.९७ ईआरए, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार, तोही एकमताने. त्याच्या नावावरचे जय-पराजय मात्र १०-१०. १८ मेचा फिलाडेल्फियातला सामना मी घरी पाहत होतो. गडी आठही इनिंग एकट्याने टाकून गेला, रन दिला एकच. हरला, १-०. बायको म्हणाली, "याला घरी जेवायला बोलवा हो, बिचाऱ्याला कुणी काही वाढतच नाही." त्या सीझनमध्ये पायरेट्सचे होमरन (इथला षटकार) ३० संघांत सर्वांत कमी होते. वर्षाचा हिशेब ७१ विजय, ९१ पराभव. ऑफिसातले लोक चिडतात ते इथे. असा पिचर गावाला पिढीतून एकदा मिळतो आणि त्याची स्वस्तातली वर्षं क्लबला एखादा बरा बॅटर परवडण्यासाठीच असतात. वाचलेला पैसा बॅटरवर घालायचा, हा साधा हिशेब. तो घातला नाही.

बेसबॉलमध्ये पर्स का नाही, याचं उत्तर टीव्हीत आहे. आयपीएलचे प्रसारण हक्क बीसीसीआय एकत्र विकते, २०२३ ते २७ साठी ४८,३९० कोटी रुपये, आणि त्यातला वाटा सगळ्या संघांना मिळतो. म्हणून २०२५ च्या लिलावाला सगळ्यांना १२० कोटींची सारखी पर्स देता आली. बेसबॉलमध्ये स्थानिक टीव्ही ज्याचा त्याचा. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सने २०१३ मध्ये केलेला करार २५ वर्षांचा आणि ८.३५ अब्ज डॉलरचा आहे. पगाराला कमाल मर्यादा नाही. किमान मर्यादाही नाही, आणि हे लोक विसरतात. आहे तो लक्झरी टॅक्स, म्हणजे २०२५ मध्ये संघाचा एकूण पगार २४१ मिलियनच्या वर गेला तर दंड. डॉजर्सने २०२४ चा नुसता दंड भरला १०३ मिलियन. पायरेट्सच्या अख्ख्या संघाचा त्या वर्षीचा पगार त्याहून कमी.

याच गावात अमेरिकन फुटबॉलच्या स्टीलर्सकडे ६ सुपर बोल आहेत आणि आइस हॉकीच्या पेंग्विन्सकडे ५ स्टॅन्ली कप. गाव तेच, बाजारही तेवढाच. त्या दोन्ही खेळांत कमाल मर्यादा आहे आणि किमानही आहे. सध्याचा कामगार करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, तेव्हा कमाल मर्यादेची चर्चा कानावर येईल. मागच्या वेळी ९९ दिवस टाळेबंदी होती. १९९४ मध्ये याच मुद्द्यावर संप होऊन वर्ल्ड सिरीजच, म्हणजे अंतिम मालिकाच, रद्द झाली होती. पिट्सबर्गचे चाहते कमाल मर्यादा मागतात, तेव्हा मला हसू येतं. कमाल मर्यादेने डॉजर्स खाली येतील, पण पायरेट्स वर कसे जातील? आपल्याला हवी ती किमान मर्यादा. २०२१ च्या वाटाघाटीत मालकांनीच १०० मिलियनची किमान मर्यादा मांडली होती, कमाल रेषा खाली ओढण्याच्या बदल्यात. खेळाडूंनी मानलं नाही. ती असती तर २०२५ मध्ये पायरेट्सना खिशात हात घालावाच लागला असता.

इथपर्यंत वाचून ऑफिसात जाऊन भाषण ठोकशील, म्हणून दुसरी बाजू. मिलवॉकीचा बाजार पिट्सबर्गहून मोठा नाही, संघ आपल्याच गटात खेळतो, आणि २०२५ मध्ये ब्रूअर्सनी ९७ सामने जिंकले, ३० संघांत सर्वाधिक. पैशाच्या राशी ओतून नव्हे. दुसऱ्यांनी टाकलेले खेळाडू उचलून, त्यांना शिकवून, योग्य वेळी विकून. पुढे डॉजर्सनी त्यांना ४-० ने धुतलं ही गोष्ट खरी, शेवटच्या दारात पैसा आडवा येतोच. पण त्या दारापर्यंत जायला पैशाहून डोकं जास्त लागतं, आणि पायरेट्सनी डोक्याचाही खर्च वाचवला. ३१ जुलै २०१८ ला त्यांनी क्रिस आर्चर हा पिचर आणला आणि बदल्यात टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघे रेज संघाला दिले. हा सौदा स्वस्तात काम भागवण्यासाठी केलेला नव्हता. उलट एकदा जोर लावून घ्यावा म्हणून केला होता. आर्चरचं काही जमलं नाही आणि ते तिघे बाहेर जाऊन नावारूपाला आले. नटिंग यांनी उद्या ५० मिलियन जास्त दिले, तर हेच लोक ते पैसे घालवणार नाहीत कशावरून? मला विचारशील तर निम्मा दोष खिशाचा आणि निम्मा नजरेचा. ब्रायन रेनॉल्ड्सला २०२३ मध्ये ८ वर्षांसाठी १०६.७५ मिलियन दिले, क्लबच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा करार. म्हणजे हात कधीच जात नाही असंही नाही.

(नजरेचा विषय निघाला म्हणून: २००८ मध्ये याच क्लबने उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेक्यांना करारावर घेतलं होतं. टीव्हीवरच्या स्पर्धेतून सापडलेली पोरं, बेसबॉल कधी न पाहिलेली. पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरात पुळिहोरा खाता खाता आम्ही सगळे त्यांच्याबद्दलच बोलायचो. दोघेही वरच्या लीगपर्यंत पोचले नाहीत, पण तो जुगार मला आवडला होता. स्वस्तही होता म्हणा.)

राग एवढा का, हे मात्र पगाराच्या आकड्यांवरून कळणार नाही. मी आलो त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदान झालं होतं: स्टेडियमसाठी विक्रीकर अर्धा टक्का वाढवायचा का? ११ काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) विचारलं, ११ च्या ११ नाही म्हणाल्या. मग दुसरी योजना आली, आधीच गोळा होणाऱ्या करातून पैसा काढला आणि २००१ मध्ये २१६ मिलियनचं पीएनसी पार्क उभं राहिलं, बहुतांश सरकारी पैशाने. चांगलं स्टेडियम द्या, चांगला संघ देतो, अशी तेव्हाची भाषा. १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग २० सीझन पराभव विजयांहून जास्त. २०१३ च्या १ ऑक्टोबरला मात्र मी तिथे होतो. सगळं स्टेडियम काळ्या कपड्यांत, ४० हजार लोक सिनसिनाटीचा पिचर क्वेटो याचं नाव लांबवून ओरडतायत, "क्वेऽऽटोऽऽ", आणि त्याच्या हातातून चेंडू निसटून खाली पडला. पुढच्याच चेंडूवर आपल्या रसेल मार्टिनने होमरन मारला. शेजारचा अनोळखी म्हातारा माझ्या गळ्यात पडून रडला. त्या माणसाला पेरोल दाखवून काय समजावणार?

आणि २०२५ ची सुरुवात बघ. उजव्या भिंतीवर पायरेट्सचा जुना खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याचा शर्टावरचा २१ हा आकडा असायचा. १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना त्याचं विमान पडलं. या गावात तो देवाच्या जागी आहे. ती भिंतच २१ फूट उंच बांधली आहे. त्या आकड्याच्या जागी दारूची जाहिरात लागली. बोंबाबोंब झाल्यावर क्लबने चूक कबूल करून आकडा परत लावला. त्याच दिवसांत, स्टेडियम बांधताना लोकांनी पैसे भरून आपल्या माणसांची नावं कोरून घेतलेल्या विटा रद्दीच्या आवारात ढिगाने सापडल्या. घरच्या पहिल्या सामन्याला आकाशात विमान फिरत होतं, मागे फलक: "संघ विका, बॉब". जाहिरात आणि विटा, दोन्हींत पैशाचा हिशेब किरकोळच. पण लोकांना कळलं की वाड्यात राहणारे कोण आहेत, हे मालक विसरला.

संघ विकून प्रश्न सुटेल का? कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या बेसबॉल चाहत्यांनी १३ जून २०२३ ला उलटा बहिष्कार केला. रिकाम्या स्टेडियमचं निमित्त सांगून मालक संघ हलवणार होता, म्हणून २७,७५९ माणसं "विका" लिहिलेले हिरवे शर्ट घालून हजर झाली. निषेध म्हणून इतकं सुंदर काही मी पाहिलेलं नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला संघाने ओकलंडमधला शेवटचा सामना खेळला आणि गाव सोडलं. म्हणून फलक जरूर धर, पण घेणारा कोण आणि तो संघ कुठे नेणार, हेही त्याच दमात विचार. घरी बसून बहिष्कार घालायचा असेल तर हंड्याचं गणित आठव. तुझ्या न घेतलेल्या तिकिटाची झळ निम्मीच पोचते.

आणखी एक. तिकिटाशिवायही पायरेट्स पाहता येतात. ओकलंड भागात, आपलं पिट्सबर्गमधलं ओकलंड, विद्यापीठाजवळ जुन्या फोर्ब्स फील्डच्या भिंतीचा तुकडा शिल्लक आहे. १३ ऑक्टोबर १९६० ला पायरेट्सच्या बिल मॅझरॉस्कीने न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्ध सातव्या सामन्याच्या शेवटच्या इनिंगमध्ये होमरन मारून १०-९ ने वर्ल्ड सिरीज जिंकली. दर १३ ऑक्टोबरला लोक तिथे जमतात आणि त्या दिवशीचं रेडिओ प्रसारण पहिल्यापासून ऐकतात. ते अशा वेळी सुरू करतात की होमरन बरोबर दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी येतो. यंदा माझ्यापुढे "विका" लिहिलेला टीशर्ट घातलेला एक पोरगा बसला होता, फार तर विशीतला. ३:३५ ला तो उठून उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. पुढच्या वर्षी ये. घडीची खुर्ची आण, भिंतीजवळच्या जागा एक वाजायच्या आतच भरतात.